खंडेनवमीचा चाप

आमच्या घरात देवाच्या खालोखाल ज्याचं नाव घेतलं जायचं तो व्हिसा. जिन्यात मोठ्याने हसले, मोकळा रस्ता बघून सिग्नल हिरवा व्हायच्या आत पाऊल खाली टाकलं, शेजारच्यांच्या दारावर चुकून चेंडू आपटला, की बाबा म्हणायचे, "आपण इथे व्हिसावर आहोत." बाबांचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर, आणि आई आणि मी बाबांच्या व्हिसावर. माझी शाळा, आईची दंतवैद्याच्या क्लिनिकमधली नोकरी, गल्फमधला, अल मनखूल भागातला आमचा फ्लॅट, त्याच्या चिंचोळ्या गॅलरीतली तुळस आणि कढीपत्ता, सगळं त्या एका कागदावर उभं होतं. लहान असताना माझी समजूत अशी होती की व्हिसा हा वरच्या मजल्यावर राहणारा कुणी तापट म्हातारा असावा, आणि आवाज झाला की तो खाली येऊन आपल्याला पुण्याला पाठवून देईल. बाबांनी आयुष्यात कधी नियम मोडला नव्हता. पार्किंगची वेळ संपत आली की ते ताटावरून उठून गाडी हलवायला जायचे. म्हणून त्या नवरात्रात त्यांनी जे केलं त्याचा धक्का माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. आता माझे केस त्यांच्या तेव्हाच्या केसांपेक्षा जास्त पांढरे झालेत, तरी तो आवाज आठवला की हातात असेल ती वस्तू मी आधी खाली ठेवते.

मी तिथेच जन्मले आणि तिथेच वाढले. घरात मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. आई म्हणायची, "हिचे कान सांगलीचे आणि जीभ एअरपोर्टची." हे सगळं मी मराठीत लिहून काढतेय हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. अकरावीत असताना शाळेने आम्हाला शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबमध्ये नेलं, आणि बाकीच्या मुली सेल्फी काढून परत आल्या तरी माझं मन तिथेच राहिलं. रायफल अगदी साधी होती, पॉइंट टू-टूची, लहान गोळीची. मला शिकायचंय हे बाबांनी ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "बंदूक? रेवा, आपण इथे..." "व्हिसावर आहोत," आईने त्यांचं वाक्य पुरं केलं. "पण क्लबला सरकारचा परवाना आहे. मी कॉलेजात एनसीसीला हीच रायफल चालवलीय. माझी पोर चालवेल." मग दर वीकेंडला तेच मला गाडीने नेऊ लागले, आणि काचेमागच्या गॅलरीत बसून माझ्यापेक्षा जास्त घाबरून माझं शूटिंग बघू लागले.

क्लबात दोन माणसांचा शब्द चालायचा. एक कोच मरियम. त्या तिथल्याच, एमिराती, उंच, कधी आवाज न चढवणाऱ्या, आणि आवाज न चढवताच सगळ्यांना सरळ करणाऱ्या. दुसरे हत्यारांच्या खोलीचे नासिरभाई. ते पेशावरचे. शारजात रोल्लाला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि रायफलींना घरच्या पोरींसारखं जपायचे. क्लबचा मोठा नियम असा की हत्यारांच्या खोलीतली कुठलीही वस्तू गेटबाहेर जाणार नाही. रिकामं काडतूससुद्धा नाही. हेस्साने, म्हणजे माझ्या शेजारच्या जागेवरून नेम धरणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, एकदा असं एक रिकामं काडतूस किचेनला लावायला म्हणून खिशात टाकलं होतं. तेवढ्यावरून कोच मरियमनी तिला महिनाभर रायफल धरू दिली नव्हती, आणि हेस्सा त्यांच्या नात्यातली होती.

माझ्या वाट्याला आलेल्या रायफलीत एकच खोड होती. तिचा चाप जड होता, आणि नुसता जड नाही, खरखरीत. नेम साधलेला असायचा, श्वास धरलेला असायचा, आणि बोट ओढायला लागलं की तो चाप वाळूतून सरकल्यासारखा अडत अडत मागे यायचा. तेवढ्यात नळी हलायची. क्लबांच्या ज्युनिअर स्पर्धेसाठी निवड तोंडावर आली होती. चाप दुरुस्त करणारा माणूस परदेशातून वर्षातून एखाद-दोनदा यायचा आणि तो नुकताच येऊन गेला होता. "बाबा, द ट्रिगर इज किलिंग मी," मी गाडीत म्हणाले. नवा चांगला चाप चौदाशे दिरहमना मिळतो असंही सांगितलं. "चौदाशे! म्हणजे बत्तीस हजार रुपये," बाबा म्हणाले आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबा रास अल खोरला एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मोठमोठ्या एसी यंत्रांच्या दुरुस्तीचे प्रमुख होते. घरातली कुठलीही गोष्ट बिघडली की त्यांना मनातून आनंद व्हायचा. मिक्सर, इस्त्री, शेजारच्या मल्याळी काकूंचा इडलीचा ग्राइंडर, सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडं पडायचं. त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. काम झालं की स्वतः दोनदा तपासायचं, मग चहा प्यायचा, आणि चहानंतर आणखी एकदा तपासायचं. "मी केलेलं काम परत उघडावं लागत नाही," हे ते फुशारकीने नाही, जन्मगाव सांगावं तसं सांगायचे. आई चेष्टा करायची, "माझी पोळी एकदा तरी अशी तपासलीत का?" पण पाहुण्यांसमोर तेच वाक्य ती त्यांच्यापेक्षा अभिमानाने सांगायची. माझी वाट बघत बसलेले असताना त्यांनी नासिरभाईंच्या खोलीचा एसीही दुरुस्त करून दिला होता. तेव्हापासून नासिरभाई त्यांना इंजिनिअर साब म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी आम्ही क्लबातून परत आलो. आई नैवेद्याच्या कडाकण्या तळत होती. आमच्याकडे नवरात्रात त्या घटावर टांगायची रीत सांगलीहून आलेली. एसी चालू असूनही घरभर गुळाचा आणि तेलाचा वास होता, आणि खालच्या मशिदीतली अजान गॅलरीच्या काचेतून दबून ऐकू येत होती. बाबांनी जेवणाच्या डब्याची पिशवी टेबलावर ठेवली, डब्याचं झाकण काढलं, आतला नॅपकिन उलगडला. त्यात काळ्या पोलादाचा, काडेपेटीहून थोडा मोठा एक तुकडा होता आणि त्याला खाली बोटाएवढी वाकडी जीभ होती. माझ्या रायफलीचा चाप. अख्खी यंत्रणाच, दोन स्क्रू काढून सुटी केलेली.

आईचा झारा हातातच राहिला. "हे गेटमधून आणलंत?"

"नासिरभाईंनीच दिला. रविवारी सकाळी परत लावायचा. ही काही बंदूक नाही, पार्ट आहे."

"गेटवर सांगितलंत?"

"डब्यात कोण बघतंय," बाबा म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात, बाबांच्या तोंडून. लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावरही थांबणारा माणूस आपला जेवणाचा डबा वापरून क्लबाच्या गेटमधून चाप बाहेर आणतो, हे मला पटेचना. क्षणभर वाटलं की हे कुणी दुसरेच आहेत. "बाबा, कोच विल थ्रो मी आउट," मी म्हणाले. माझ्या आवाजात रडू होतं. "निवडीत तुझा हात हलता कामा नये," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पान्या-पक्कडींची पेटी आणायला गेले. आईने कढईखालचा गॅस बंद केला. "हात दाखवून अवलक्षण," एवढंच ती म्हणाली, आणि तळायच्या राहिलेल्या कडाकण्या तिने तशाच झाकून ठेवल्या.

ती संध्याकाळ मला आवाजांनी आठवते. बाबांनी टेबलावर जुना चादरीचा तुकडा अंथरला. यंत्रणेची बाजूची पट्टी काढली आणि मला आत बघायला सांगितलं. दोन छोट्या पोलादी कडा एकमेकींना जेमतेम टेकलेल्या होत्या. एक सुटली की गोळी सुटणार. "एवढ्याशा टेकणीवर सगळं आहे बघ," ते म्हणाले. त्यांनी चापाला अडकवला तो आमचा बॅगा तोलायचा काटा, गल्फमधल्या प्रत्येक घरात असतो तो, भारतात जाताना लोणच्याच्या बरण्यांसकट बॅग किती भरली हे बघायचा. काटा ओढायचा, आकडा बघायचा, मग बारीक दगडाने एकच कड घासायची, पुसायची, पुन्हा ओढायचं. घासण्याचा तो आवाज इतका हलका होता की टीव्हीवरची आरती बंद केल्यावरच ऐकू यायचा. जेवणाच्या वेळेपर्यंत चाप लोण्यासारखा झाला होता. मी बोटाने ओढून बघितला आणि मघाचं भांडण विसरून हसले. बाबांनी तो टेबलावर आपटून बघितला, झटकून बघितला, उलटा धरून ठोकून बघितला. कड सुटली नाही. "आता उद्या सकाळच्या चहानंतर एकदा," ते म्हणाले आणि बाजूची पट्टी न लावता तो तसाच पेटीशेजारी ठेवला.

पण उद्या खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. आईची कात्री, विळी, क्लिनिकचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि बाबांची पेटी, सगळं सकाळी न्हाऊन-माखून पाटावर मांडलं जायचं. झेंडू आदल्या दिवशी मीना बाजारच्या गल्लीतून आणलेला असायचा. आपट्याची पानं मात्र कुणी पुण्याहून आलं तरच मिळायची. त्या सकाळी मी उठून बाहेर आले तर आईने पाट मांडून झाला होता, आणि पक्कडीच्या आणि पान्यांच्या मधोमध, उघड्या कुशीने, तो चाप होता. आदल्या रात्री गप्प झालेली आई तोवर निवळली होती. किंवा तिला वाटलं असेल की जे घरात आलंय ते आता देवाच्या पायाशीच घातलेलं बरं. "पोरीचं खरं हत्यार हेच," ती म्हणाली. तिने सगळ्यांना हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फुलं ठेवली, आणि शेवटी चिमूट चिमूट अक्षता. अक्षता ती आदल्या दिवशीच निवडून ठेवायची. तुटका दाणा चालायचा नाही. कुंकवात ओल्या केलेल्या त्या अख्ख्या तांदळांचा रंग मला अजून दिसतो. चापावर तिने जरा जास्तच वाहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "निवड होऊ दे."

बाबा चहा घेऊन आले आणि पाट बघून थबकले. त्यांचा तपास राहिला होता. पण पूजेत मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. ही रीत त्यांनी वर्कशॉपमध्येसुद्धा पाळलेली, मोठे साहेब नाराज झाले तरी. त्यांनी नमस्कार केला, आणि चहा घेऊन ते गॅलरीत गेले. त्यांच्या आयुष्यात न तपासलेलं काम हे एवढंच. यंत्रापुढे रीत आणि रितीपुढे यंत्र, दोघांनाही मानणारा माणूस त्या सकाळी मधल्या मध्ये सापडला, असं मला आता वाटतं. तेव्हा मी पुरणपोळी खात होते आणि माझं सगळं लक्ष रविवारकडे होतं.

दसऱ्याला पहाटेच उठून बाबांनी उत्तरपूजा केली, चाप उचलला, फुंकर मारली, मऊ ब्रशने कुंकू झाडलं, कापडाने पुसला आणि बाजूची पट्टी लावून स्क्रू आवळले. क्लब भरायच्या आत पोचायचं होतं, म्हणून चहाही राहिला आणि तपासही. आईही आमच्याबरोबर निघाली, पहिल्यांदाच, कडाकण्यांचा डबा घेऊन. क्लबात नासिरभाईंनी कुणी यायच्या आत चाप रायफलीत बसवला, स्वतः एकदा रिकामा ओढून बघितला आणि म्हणाले, "वल्ला, इंजिनिअर साब, मक्खन." आईने त्यांना कडाकणी दिली. ती त्यांनी तिथेच उभ्याने खाल्ली आणि आणखी एक मागितली. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

मी माझ्या जागेवर उभी राहिले. शेजारी हेस्सा. समोर हातभर रुंद ओटा, त्यापलीकडे निशाणापर्यंतची मोकळी जागा, जिथे शूटिंग चालू असताना कुणी बोटही पुढे करायचं नाही. हेस्साची गोळ्यांची डबी ओट्यावरून पलीकडे घरंगळली. कोच मरियमनी शूटिंग थांबवलं, सगळ्यांच्या रायफली खाली ठेववल्या, हेस्सा ओट्यावरून पुढे वाकली, डबी उचलली आणि सरळ झाली. "यल्ला, लोड," कोच म्हणाल्या. मी रायफल उचलली, नळी समोर पण थोडी खाली, गोळी आत सरकवली आणि बोल्ट बंद केला. बोल्ट म्हणजे गोळीमागे दाराला कडी लावावी तसा लागणारा दांडा. चापाजवळ माझं बोट नव्हतं. बोल्ट लागला आणि रायफल सुटली.

आवाज रोजचाच होता. पण तो मी केलेला नव्हता. समोर फरशीत, हेस्सा जिथे वाकली होती तिथून हातभर अंतरावर, सिमेंटचा टवका उडाला आणि पांढरी धूळ वर आली. हेस्साने ती धूळ बघितली, मग स्वतःच्या हातातली डबी बघितली, आणि तिचे ओठ हळूहळू पांढरे पडले. माझी बोटं रायफलीवरून सुटेनात. कोच मरियम मागून आल्या, माझ्या हातांवर स्वतःचे हात ठेवले, नळी समोरच ठेवत बोल्ट उघडला आणि रायफल काढून घेतली. "नोबडी मूव्ह," त्या म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात. मी माझ्या हातांकडे बघत राहिले. ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाटत होते.

मग टेबल, टेबलावर ती रायफल, एका बाजूला नासिरभाई आणि एका बाजूला मी. "हू टच्ड धिस?" कोचनी विचारलं. नासिरभाई तोंड उघडायच्या आत काचेचं दार ढकलून बाबा आत आले होते. "आय डिड, मॅडम. ॲट होम." ॲट होम हे दोन शब्द ऐकून कोच मरियमनी नासिरभाईंकडे बघितलं, आणि नासिरभाईंनी मान खाली घातली. त्या क्षणी मला दिसलं की आता काय काय जाऊ शकतं. माझी शाळा, तुळस, आईचं क्लिनिक, मोठ्या कष्टाने जमवलेलं सगळं. वरच्या मजल्यावरचा म्हातारा खाली आला होता. काचेपलीकडे आई कडाकण्यांचा डबा छातीशी धरून उभी होती.

"ओपन इट," कोच म्हणाल्या. बाबांनी पट्टी काढली. मी त्यांच्या कोपराशी होते, म्हणून मला दिसलं. चापाच्या मागच्या बेचक्यात, जिथे तो ओढल्यावर परत येऊन बसायला हवा तिथे, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. अख्खा, न तुटलेला. त्याच्यामुळे चाप पुरता परत येत नव्हता. त्या दोन कडा नुसत्या नखाएवढ्या टेकल्या होत्या, आणि बोल्टच्या धक्क्याने सुटल्या. मला ते बघता क्षणी कळलं, तर बाबांना कळायला वेळ लागणार नव्हताच. तेवढ्यात हेस्सा मागे हुंदका देऊन खाली बसली आणि कोच तिच्याकडे वळल्या. बाबांनी नखाने दाणा उचलला आणि मूठ मिटली. कोच परत वळल्या तेव्हा ती मूठ त्यांच्या पँटच्या खिशात होती.

"वेल?"

"आय मेड इट टू लाइट, मॅडम," बाबा म्हणाले. "माय वर्क वॉज बॅड. द फॉल्ट इज माइन. नासिरभाईज ओन्ली फॉल्ट इज ही ट्रस्टेड मी."

माझं काम वाईट होतं. हे बाबा म्हणाले. चाप घरी आणल्याने बसला नव्हता, गोळी सुटल्याने बसला नव्हता, एवढा धक्का मला त्या वाक्याने बसला. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. दाणा दाखवला असता तर त्यांचं काम निर्दोष ठरलं असतं. पण मग तो कुणी वाहिला हेही निघालं असतं, आणि काचेपलीकडच्या त्या बाईला आयुष्यभर कळून राहिलं असतं की कुणाच्या तरी मुलीचा जीव तिच्या चिमटीतल्या अक्षतेने जाता जाता राहिला. अर्थात बाबा पुरते खोटंही बोलले नव्हते. एवढा हलका चाप केल्यावर त्यात धूळही जायला नको होती, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस घरात दाराची बेल वाजली की आम्ही तिघंही जागच्या जागी थिजायचो, आणि ती पाणीवाल्याची निघायची. आई रात्रीची भांडी घासताना मध्येच म्हणायची, "फ्रीज विकता येईल, पण पडदे न्यावेच लागतील." बाबा ऑफिसला जायचे, यायचे, पार्किंगची वेळ बघायचे. पुण्यात कॉलेज कुठलं मिळेल हे मी चोरून शोधून ठेवलं होतं. शेवटी क्लबातून फोन आला. हेस्साच्या घरच्यांनी प्रकरण पुढे न्यायचं नाही असं ठरवलं होतं. ते का, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची छाती कुणाला झाली नाही. बाबांना क्लबात पाऊल ठेवायला कायमची बंदी. मला वर्षभर रायफल नाही. निवडीचं नाव कुणी काढलंच नाही, मीसुद्धा नाही. नासिरभाईंना हत्यारांच्या खोलीतून काढून गेटवर बसवलं. बाबा मिठाईचा डबा घेऊन रोल्लाला त्यांच्या खोलीवर गेले, मला बरोबर घेऊन. नासिरभाईंनी त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं, चहा केला आणि म्हणाले, "खलास, इंजिनिअर साब. बच्ची सलामत है ना? बस." बाबांना तो चहा संपवता आला नाही.

त्यानंतर बाबांची पेटी कपाटावर गेली ती गेलीच. मिक्सर बिघडला तर आईने नवा आणला. मल्याळी काकू ग्राइंडर घेऊन आल्या तर बाबा म्हणाले, दुकानात दाखवा, माझ्या हाताचा भरवसा नाही. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि गळतच राहिला. मला कितीदा वाटलं की आईला सांगून टाकावं, बाबांचं काम वाईट नव्हतं ग. पण सांगायचं तर दाण्याचं सांगावं लागलं असतं. म्हणून मी नळाखाली भांडं ठेवायची आणि गप्प बसायची.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. आईने स्टूल घेऊन कपाटावरची पेटी स्वतः खाली काढली, पुसली आणि पाटावर मांडली. कात्री, विळी, लॅपटॉप, किल्ली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, एकेक झेंडू ठेवला, आणि हात जोडले. मी तबकाकडे बघितलं. अक्षतांची वाटी नव्हती. देवाचं काहीही आजवर न विसरलेल्या माझ्या आईच्या तबकात त्या दिवशी अक्षता नव्हत्या. तिला ठाऊक होतं. पँट धुताना खिशात सापडला असेल, काचेतून मिटलेली मूठ दिसली असेल, किंवा नुसता विचार करून तिने ताडलं असेल. कसं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. वर्षभर आम्ही तिघं एकाच घरात, एकच दाणा एकमेकांपासून लपवत होतो.

बाबांनीही तबक बघितलं. मग आईकडे. आई हात जोडून, डोळे मिटून उभी होती, नको इतका वेळ. बाबा स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ होते. ते उजेडात धरून त्यांनी तुटके दाणे बाजूला केले, अगदी आई करायची तसे, मग पळीभर पाणी आणि कुंकू घेऊन बोटाने कालवले, आणि आपल्या पेटीवर, उघड्या पान्यांवर, पक्कडीवर तळहात रिता केला.

"अक्षता राहिल्या होत्या," ते म्हणाले.

"हो, विसरलेच बघा," आई म्हणाली. पदर नव्हता म्हणून तिने ओढणीने डोळे टिपले. बाबांनी खाली वाकून तिच्या पायाशी सांडलेले दोन दाणे वेचले आणि तेही पेटीवर ठेवले.

त्या दिवशी नळ दिवसभर गळत राहिला, कारण पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबांनी उत्तरपूजा केली आणि पेटीतून पाना उचलला. नळाशी जाण्याआधी तो उलटा करून त्यांनी तळहातावर हलकेच आपटला, खाली काही पडतंय का बघितलं, आणि आणखी एकदा आपटला. आईने ते पाहिलं आणि तव्यावरची पोळी उलटली.